सोळा आठवडे आणि एक सही

नंदुरबारहून शहाद्याकडे निघाले आणि तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा लागते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव खान्देशात 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. केदारेश्वर, संगमेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही येथील देवस्थाने. काशीची यात्रा घडली तरी प्रकाशाचे दर्शन घेतल्यावाचून ती पुरी होत नाही, अशी या परिसरातील भाविकांची श्रद्धा आहे. मात्र या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात नसते. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली येथील पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वस्त्यांचे एकावर एक साचलेले थर त्यातून उजेडात आले आणि तापीच्या खोऱ्याचा इतिहास काही हजार वर्षे मागे गेला.

हे थर कचेरीत बसून कोणाला वाचता आले असते काय? पुरातत्त्वाची पुस्तके तेव्हाही होती, व्याख्यानेही होत होती. तरीही माणसांना येथे यावे लागले, उन्हात बसून चार-चार बोटे माती बाजूला करावी लागली. ज्या विद्येचा विषय माती आहे, ती विद्या मातीत हात घातल्यावाचून येत नाही. मग ज्या विद्येचा विषय जिवंत मूल आहे, ती विद्या मुलाच्या जवळ गेल्यावाचून कशी येईल? आज महाराष्ट्रात हजारो तरुण-तरुणी मुलाच्या जवळ न जाताच 'शिक्षणशास्त्राचे पदवीधर' होत आहेत, आणि समाज म्हणून आपण हे उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पेढ्यांचा पुडा

काही महिन्यांपूर्वी तापीकाठच्या गावांमधून फिरत असताना एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी गप्पा झाल्या. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे मुख्याध्यापक गावोगाव भेटतील. बोलता बोलता त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि कागदांचा एक गठ्ठा समोर ठेवला. बी.एड.च्या विद्यार्थ्यांची ती आंतरवासितेची पत्रे होती. "यातले किती जण आले?" आम्ही विचारले. ते हसले. म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळे येतात. पेढ्यांचा पुडा आणतात, पाया पडतात, फोटो काढतात. शेवटच्या दिवशीही सगळे येतात. सही-शिक्का लागतो ना! मधल्या दिवसांचे मला विचारू नका."

"मग सही का करता?" या प्रश्नावर ते जरा गंभीर झाले. "कोणी पाहुण्यांचा मुलगा असतो, कोणी संस्थाचालकांच्या ओळखीचा. कोणी बिचारा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून घर चालवणारा असतो. नाही कोणाकोणाला म्हणू? आणि साहेब, मी एकट्याने नाही म्हटल्याने काय होणार? ती सही शेजारच्या शाळेत मिळते."

या शेवटच्या वाक्यात सगळ्या रोगाचे निदान आहे. लबाडी एकट्यादुकट्याची राहिलेली नाही, ती आता रीत झाली आहे. पाठ टाचणांचे तयार संच तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. नाव आणि हजेरी क्रमांक बदलला की वही तयार! निरीक्षणाच्या वह्या मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून घेऊन उतरवल्या जातात. प्रतिज्ञा करावी तशा तन्मयतेने 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य चाळीस वेळा लिहिले जाते. ज्या विद्यार्थ्यांना लेखकाने पाहिलेलेच नाही, त्यांचा हा उत्स्फूर्त प्रतिसाद!

नियम काय सांगतो?

आता नियमाकडे वळू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम काढून बी.एड.चा अभ्यासक्रम एक वर्षावरून दोन वर्षांचा केला. २०१५-१६ पासून तो लागू झाला. या वाढीव वर्षाचे समर्थन मुख्यतः एकाच गोष्टीवर आधारलेले होते, ती म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अनुभव. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे विद्यार्थी-शिक्षकाने शाळेत काढावेत, त्यांपैकी ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी, असे विनियमांनी ठरवून दिले. महाविद्यालयातील वर्ग आणि प्रात्यक्षिके यांसाठी ८० टक्के उपस्थिती पुरेशी मानली. शालेय आंतरवासितेसाठी मात्र ९० टक्के. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या मते व्याख्यान एक वेळ बुडाले तरी चालेल, शाळा बुडता कामा नये. हे शहाणपणाचे होते.

त्यापूर्वीची पद्धत काय होती, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. कला शाखेची पदवी हातात पडली की घरातील वडीलधारे विचारीत, "आता बी.एड. कधी?" प्रस्तुत लेखक वर्तमानपत्राच्या वाटेने गेला, पण बरोबरीचे बरेच मित्र त्या वाटेने गेले. सूक्ष्मपाठ, सेतुपाठ, मग सरावपाठ, आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेचा पाठ. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. हर्बार्ट नावाच्या जर्मन पंडिताच्या शिष्यांनी घालून दिलेल्या पायऱ्यांवरून आमचे मित्र घड्याळ लावून चढत आणि घंटा होताच उतरत. पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना उत्तरे सांगून ठेवण्याची चाल तेव्हाही होती. या पद्धतीत पाठांची संख्या मोजली जाई, मुलाची ओळख कोणी मोजत नसे. अर्ध्या तासाचा पाहुणा येतो, तक्ते टांगतो, जातो. वर्गातील कोणत्या मुलीच्या घरी दिवा नाही, कोणता मुलगा दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणार, हे त्या पाहुण्याला कसे कळावे?

हेच दुखणे ओळखून सलग १६ आठवड्यांची आंतरवासिता आली. कोठारी आयोगाने तर १९६४-६६ च्या आपल्या अहवालातच सांगून ठेवले होते की, अध्यापक-शिक्षण शाळांपासून तुटले आहे आणि हे तुटलेपण संपवल्यावाचून सुधारणा नाही. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. म्हणजे रोग जुना, वैद्य घरचा, औषधही लिहून दिलेले. आणि आपण मात्र ते औषध नालीत ओतून रिकाम्या बाटलीवर सही घेत आहोत.

भुर्दंड कोणाला?

'पदवी विकत घेतली तर ज्याचे त्याला नुकसान, तुमचे काय गेले?' असे म्हणणारेही भेटतात. त्यांना नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा दाखवावा.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. साक्षरता होती ६४ टक्क्यांच्या आसपास. राज्याची ८२ टक्क्यांवर असताना. महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत खालचा. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील मूल घरी भिली, पावरी वा वसावी बोलते, नवापूरकडे मावची, तापीकाठी कोठे अहिराणी, कोठे गुजरी. हे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्यापुढे परक्या भाषेसारखी उभी राहते. ते गप्प बसते. त्याच्या गप्प बसण्याला शिक्षक 'मंद बुद्धी' म्हणतो, आणि दोन-चार वर्षांत ते मूल शाळेतून गळते.

राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला. पण अनुच्छेद वर्गात येऊन शिकवीत नाहीत, शिकवतो तो शिक्षक. ज्या शिक्षकाने प्रशिक्षणाच्या काळात अशा मुलाबरोबर चार महिने काढलेच नाहीत, त्याला पहिल्याच नेमणुकीला डोंगरातल्या शाळेवर पाठवले तर तो काय करील? बदलीचा अर्ज लिहील! आणि तेच तो करतो. सोळा आठवड्यांच्या खोट्या सहीची खरी किंमत महाविद्यालय मोजत नाही, विद्यापीठ मोजत नाही, ती विद्यार्थी-शिक्षकही मोजत नाही. ती किंमत सातपुड्यातील सहा वर्षांचे मूल मोजते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

यात सरकारी पैशाचाही प्रश्न आहे. राखीव प्रवर्गांतील विद्यार्थ्यांचे शुल्क आणि शिष्यवृत्ती शासन देते. वनवासी मुलगा शिक्षक व्हावा म्हणून समाजाने दिलेला हा पैसा आहे. तो घेऊन 'आलात नाही तरी चालेल' असे त्या मुलाला सांगणे ही मुलाला दिलेली सवलत नव्हे, त्याच्या तोंडचा घास काढून घेणे आहे. त्याला कागद मिळतो आणि हुन्नर मिळत नाही. मग स्पर्धेत तो मागे पडला की 'यांना सवलती देऊनही काही होत नाही' म्हणायला पुन्हा तीच मंडळी पुढे!

एक मुलगी, एक बाजार

सगळेच चित्र काळे आहे असे मात्र नाही. त्याच भटकंतीत एका शिक्षिकेची भेट झाली. काही वर्षांपूर्वी तिने आपली आंतरवासिता तापीकाठच्या एका शाळेत खरोखर पुरी केली होती. रोज सकाळच्या एस.टी.ने यायची, संध्याकाळच्या एस.टी.ने जायची. तिने सांगितलेला अनुभव तिच्याच क्रमाने देतो.

पहिले तीन आठवडे ती रोज घरी जाऊन रडली. टाचण उत्तम, तक्ते सुबक, आणि वर्ग मुका. विशेषतः एक मुलगा गणिताच्या तासाला तोंडच उघडीत नसे. वजाबाकी त्याला येत नाही, अशी तिने वहीत नोंद केली. चौथ्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी तोच मुलगा तिला पपयांच्या ढिगाऱ्यामागे बसलेला दिसला. गिऱ्हाईक पन्नासची नोट देई, हा मनातल्या मनात हिशेब करून सुटे पैसे परत करी. एकदाही चुकला नाही. ती बाजूला उभी राहून अर्धा तास पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तक्ता गुंडाळून ठेवला आणि वर्गात बाजार मांडला. भाव मुलांनी ठरवले, बोली मुलांची, हिशेब मुलांचा. मग तेच हिशेब फळ्यावर आकड्यांत मांडले. "त्या दिवशी तो मुलगा पहिल्यांदा बोलला," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा शिकवले."

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. ही गोष्ट तिला चौथ्या आठवड्यात उमगली. आंतरवासिता पंधरा दिवसांची असती तर ती 'वजाबाकी येत नाही' एवढीच नोंद घेऊन परतली असती, आणि आयुष्यभर तसल्याच नोंदी करीत राहिली असती. सलग, दीर्घ सहवास का हवा, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणत्याही समितीच्या अहवालात सापडणार नाही.

आपल्याला हे नवे नाही

'आंतरवासिता' हा शब्द अलीकडे घडवलेला. पण आपल्याकडे शिष्याला फार पूर्वीपासून एक शब्द आहे, अंतेवासी. म्हणजे जवळ राहणारा. ज्ञान सान्निध्यातून येते, हे त्या एका शब्दात सांगून झाले आहे. गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांना धुळाक्षरे गिरवायला लावीत, पाढे म्हणवून घेत. शिकता शिकता शिकवणे आणि शिकवता शिकवता शिकणे ही आपली रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अनाथालयाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने हीच देशी रीत पाहिली, १७९७ मध्ये इंग्लंडात तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढे ती तेथे 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. धरमपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्रजांच्याच दप्तरांतून देशी शाळांचे हे चित्र उभे केले आहे. त्या व्यवस्थेतही उणिवा होत्या. स्त्रिया आणि समाजाचा मोठा भाग तिच्याबाहेर होता, हे नाकारून चालणार नाही. पण जे गुण होते तेही आपण गमावले, आणि उरली ती परीक्षा आणि प्रमाणपत्र.

अगदी अलीकडचे दाखले हवेत तर महाराष्ट्रातच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पाने, बिया, शंख-शिंपले ही त्यांची शैक्षणिक साधने. बालवाडीच्या सेविकाही त्यांनी तेथेच, मुलांच्या मध्ये बसवून तयार केल्या. 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला तो या अनुभवातून. कोणत्या विद्यापीठाच्या विषयपत्रिकेतून नव्हे.

खान्देशापुरते बोलायचे तर अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक असलेले साने गुरुजी आठवावेत. विचारसरणीचे मतभेद बाजूला ठेवून कोणीही मान्य करील की, ते शिक्षक म्हणून घडले ते छात्रालयात, मुलांचे कपडे धुताना आणि त्यांच्या आजारपणात उशाशी बसताना. आणि हा सगळा परिसर ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेचे तोंड न पाहिलेली ती माउली शेतात, जात्यावर, विहिरीवर शिकली. जिचे सारे ज्ञान क्षेत्रानुभवातून आले, तिच्या नावाचा शिक्का आज क्षेत्रानुभव न घेतलेल्यांच्या पदवीवर उमटू नये, एवढी तरी चाड आपण राखावी की नाही?

दुकानदारी आणि आपण

या अधोगतीची सुरुवात शोधायची तर वीस वर्षे मागे जावे लागते. २००५ च्या सुमारास राज्यात डी.एड.ची लाट आली होती. बारावी, डी.एड. आणि लगेच नोकरी, या आशेने पालक रांगा लावीत होते आणि पुढारी विद्यालये काढीत होते. २००८ मध्ये सुमारे तीनशे नव्या अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातूनच २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या देशव्यापी चौकशीचे निमित्त होण्याचा मान आपल्या पुरोगामी महाराष्ट्राचा! २०१२ च्या त्या अहवालाचा हवाला देऊन राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्वच्छ लिहिले आहे की, देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिकवण्याचा प्रयत्नही करीत नाहीत, त्या किंमत घेऊन पदव्या विकतात. भारत सरकारच्या धोरणात ही भाषा यावी, यातच सर्व आले.

पुढे काय झाले? डी.एड.धारकांचे तांडे बेकार झाले, विद्यालये ओस पडली. शिक्षक पात्रता परीक्षा आली तर तीही विकली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी तो घोटाळा बाहेर काढला. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि २०१९ च्या परीक्षेतील ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई करावी लागली. ज्याने आंतरवासितेत सही विकत घेतली, त्याने परीक्षेत गुण विकत घेतले, यात आश्चर्य ते कोणते?

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. या दुकानांच्या पाट्यांवर सर्व पक्षांचे आणि सर्व विचारांचे लोक आहेत. राष्ट्र, संस्कृती, संस्कार हे शब्द उठता-बसता उच्चारणारेही त्यांत आहेत. बोर्डावर सरस्वतीचे चित्र लावून आत हजेरीपटावर खोट्या सह्या घेणाऱ्याला आपला म्हणून पाठीशी घालायचे काय? आणि आपल्या घरचे काय? सून बी.एड. हवी, पण ती संसार सांभाळून 'कोठून तरी' झालेली हवी. मुलाला नोकरी करता करता पदवी पदरात पाडून देणारे महाविद्यालय शोधून ठेवलेले हवे. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. ते गिऱ्हाईक मध्यमवर्गीय सुशिक्षित घरातूनच येते, हे आपण मान्य करू या.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप गरिबीचा. सोळा आठवडे बिनपगारी शाळेत जायचे तर एस.टी.चे भाडे आणि घरचा चुलीचा खर्च कोण देणार? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर खोटी सही नव्हे, विद्यावेतन हे आहे. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्याला एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता करावी लागते आणि तिच्यासाठी त्याला विद्यावेतन मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात पदवीधर प्रशिक्षणार्थीला दरमहा १० हजार रुपये देण्याचे ठरले. कचेरीत फायली हाताळायला शिकणाऱ्याला विद्यावेतन, आणि मुलांना घडवायला शिकणाऱ्याने मात्र पदरचे भाडे खर्चावे! आंतरवासितेच्या चार महिन्यांपुरते विद्यावेतन देणे राज्याला अवघड नाही.

दुसरा आक्षेप शाळांचा. हे नवशिके येतात, वर्ग विस्कटून जातात. नाही तर रिकाम्या जागेवर त्यांना जुंपले जाते. हेही खरे आहे. एकशिक्षकी शाळेत विद्यार्थी-शिक्षक म्हणजे फुकटचा बदली कामगार ठरतो. म्हणून मार्गदर्शक शिक्षकाची नेमणूक अनिवार्य हवी आणि त्या शिक्षकाच्या कामाचा मोबदला व मान त्याला मिळायला हवा. गवंड्याच्या हाताखालचा पोरगा भिंत शिकतो तो गवंडी शेजारी उभा असतो म्हणून. फिनलंडमध्ये विद्यापीठांना जोडलेल्या स्वतंत्र सराव-शाळा आहेत. तेथील शिक्षकांचे कामच मुळी मुले आणि भावी शिक्षक या दोघांना घडवणे हे असते. ती व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. पण प्रत्येक तालुक्यात निवडक शाळा आणि निवडक शिक्षक या कामासाठी ठरवणे आपल्याला का जमू नये?

तिसरा आक्षेप असा की, एवढ्या दीर्घ अभ्यासक्रमाची आवश्यकताच काय? राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी व्हावयाची आहे. त्याबरोबरच चार वर्षांचे पदवीधर आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा परिषदेने २०२५ च्या प्रारंभी पुढे आणला. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, यावर विद्वानांनी जरूर वाद घालावा. आमचे म्हणणे एवढेच की, वर्षे कमी करायची तर व्याख्याने कमी करा, टिपणे कमी करा. शाळेतील आठवड्यांना हात लावू नका. दोन वर्षांत सोळा आठवड्यांची सही विकली जात असेल, तर एका वर्षात ती स्वस्त होईल इतकेच.

उपाय आपल्या हाती

कायदा आहे, नियम आहे, टक्केवारीही आहे. नाही ती लाज आणि पाळत. म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात.

आंतरवासितेच्या हजेरीवर एकट्या मुख्याध्यापकाची सही पुरेशी मानू नये. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या आहेत आणि त्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. 'हा तरुण आमच्या मुलांना चार महिने शिकवीत होता' हे पालकांनी सांगावे. गावाला कोण आले नि कोण नाही, हे बिनचूक ठाऊक असते. विद्यापीठाने अचानक भेटी द्याव्यात आणि विद्यार्थी सापडला नाही तर केवळ त्याला नव्हे, महाविद्यालयाला दंड करावा. प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाने आंतरवासितेचा काही भाग तरी दुर्गम शाळेत, शक्य तेथे गावातच मुक्काम करून काढावा. आणि जेथे शिकवायचे तेथील मुलांच्या बोलीतील रोजचे व्यवहार करण्याइतके शब्द त्याला यायला हवेत. भिली वा पावरी बोलणारा वनवासी तरुण या बाबतीत शहरी तरुणाचा गुरू ठरेल, आणि तो क्षण दोघांच्याही आयुष्यात मोलाचा असेल.

पण हे सर्व शासनाने करावे म्हणून वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नव्हे. कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. आपल्या गावच्या शाळेत आंतरवासितेला कोण नेमले आहे, हे विचारावे. बाहेरून आलेल्या विद्यार्थिनीला राहायला घर आणि दोन वेळचे जेवण द्यावे. पूर्वी वार लावून विद्यार्थी शिकत, ती रीत आपणच चालवली होती. ओळखीचा मुख्याध्यापक खोटी सही करीत असेल तर त्याला प्रेमाने आणि नंतर स्पष्टपणे सांगावे. आपल्या विचाराच्या संस्थेत हा प्रकार चालत असेल तर प्रथम तेथे सांगावे. आणि आपल्या घरातील मुलगा वा सून बी.एड. करीत असेल, तर रात्रीच्या जेवणाच्या ताटावर एकच प्रश्न विचारावा : आज शाळेत गेला होतास काय? वर्गातील पाच मुलांची नावे सांग बरे!

निघताना संगमावर गेलो. घाटावर पर्वणीची गर्दी नव्हती. पाण्यात पाय सोडून बसलेली तीन-चार पोरे मासे मोजीत होती, आपल्या बोलीत, मोठ्याने, न चुकता. शाळेची घंटा झाली तशी ती उठली आणि दप्तरे उचलून पळाली. त्यांच्या वर्गात त्या दिवशी एक विद्यार्थी-शिक्षक असायला हवा होता. कागदावर तो होता.